108 फुटांवर मेट्रो लागली!

माळशिरस तालुक्याच्या पश्चिमेला बोअर 108 फुटांवर थांबवा म्हटलं, तर बोअरवाला मालकाच्या तोंडाकडं बघत राहतो. पुण्यात तेवढ्याच खोलीवर मेट्रो लागली! गाडी बदलायच्या जिल्हा न्यायालय स्थानकाची ही कीर्ती ऐकून अकलूजात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, नीरेच्या काठाला भुयार खणलं तर मेट्रोऐवजी होडीच सोडावी लागेल. दुसरा म्हणतो, होडी तर होडी! रेल्वेची वाट बघून डोळे पांढरे झाले.

दुसऱ्याचं खरं आहे. लोणंद-पंढरपूर रेल्वेची बोलणी इंग्रजांच्या अमदानीपासून चालू आहेत. 2019 मध्ये गाडी लोणंदहून फलटणला आली आणि तिथंच दमली. माउलींची पालखी मात्र लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत दर आषाढीला पायी पंढरपूर गाठते. तिला ना सर्वेक्षण लागतं, ना निविदा.

आणि गाडी बदलायचं कौतुक सोलापूर जिल्ह्याला कुणी सांगू नये. बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली, तेव्हापासून अडीच फुटी रुळावरून उतरून मोठ्या गाडीत चढायचं आमचं ठिकाण होतं कुर्डुवाडी. तिथं सरकते जिने नव्हते, माणसंच सरकायची.

पुण्यातलं प्रकरण मात्र देखणं आहे, हे कबूल. अकलूजहून एसटीनं स्वारगेटला उतरावं आणि तिथंच भुयारात शिरावं. ही सोय 29 सप्टेंबर 2024 पासून झाली. तपासणीच्या यंत्रातून शेंगाचटणीचा डबा पलीकडं जातो आणि पडद्यावर बघणारा सुरक्षारक्षक क्षणभर विचारात पडतो. जिल्हा न्यायालयाला उतरलं की वनाज-रामवाडीच्या गाडीसाठी पाताळातून थेट पुलावर चढायचं. खाली फलाटापर्यंत ऊन पोचवलंय. नाव न्यायालयाचं असूनही गाडी पुढची तारीख देत नाही, हे विशेष.

पण पुढच्याच स्थानकाला मेख आहे. शिवाजीनगरला मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवलं. 1 ऑगस्ट 2023 ला भुयारातून मेट्रो धावू लागली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. स्टँड तेव्हाही वाकडेवाडीतच. ज्याच्या अंगणात मांडव घातला, त्या यजमानालाच जेवायला वेशीबाहेर बसवलं! दोन मेट्रो एकमेकींना भेटाव्यात म्हणून कोट्यवधी रुपये खर्चले. एसटी आणि मेट्रोची भेट रिक्षावाल्यावर सोपवली. बोचकं, म्हातारी आई आणि रडणारं पोर घेऊन रिक्षाचं भाडं ठरवणाऱ्याला विचारा, खरा आंतरबदल कुठं होतो ते.

तेव्हा मेट्रोच्या साहेबांना आणि एसटीच्याही साहेबांना अकलूजकरांचा सांगावा: आम्हाला भुयार नको. फलटणच्या पुढचे रूळ टाका आणि शिवाजीनगरचं स्टँड शिवाजीनगरला आणा.