समुद्रावरील सेवाज्येष्ठता

माझी तक्रार जहाजाबद्दल नाही. जहाज वेळेवर सुटलं, वेळेवर परतलं, मधल्या काळात बुडालं नाही. जेवण पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालू होतं. तक्रार श्रेणीबद्दल आहे.

अमेरिकेत मुलीकडे येणाऱ्या आईवडिलांना पहिल्या खेपेस नायगारा दाखवतात. नंतर दाखवण्यासारखं फारसं उरत नाही, तेव्हा जहाजावर बसवतात. न्यू जर्सीत बेयोन नावाचं बंदर आहे. तिथून निघायचं, बर्म्युडाला जायचं आणि पुन्हा बेयोनलाच उतरायचं. मधे बर्म्युडा कशाला, असं मी जावयांना विचारलं. तर त्यामागे 1886चा एक अमेरिकी कायदा निघाला. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी नेऊ-आणू नयेत; फेरफटका मारून त्याच बंदरात परतायचं असेल, तर वाटेत एखादं परकं बंदर लागलंच पाहिजे. ही मोठमोठी जहाजं कागदोपत्री बहामा, पनामा अशा देशांची असतात. म्हणजे कार्यालय मायामीत, झेंडा बहामाचा, प्रवासी एडिसनचे आणि बर्म्युडा पूर्ततेपुरतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी तो नियम अजून लागू आहे.

मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ज्येष्ठता याद्या हा माझा विषय होता. कोण कोणाच्या वर, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या शासन निर्णयान्वये, यात माझी चूक सहसा निघत नसे. त्यामुळे मागच्या भेटीतला प्रवास हिशेबात धरून या खेपेला कंपनीने आम्हाला ‘सुवर्ण सदस्य’ केल्याचं पत्र आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. अभिनंदनाचे हार येऊन पडले. नंतर मी पत्रासोबतचा तक्ता उघडला.

सुवर्ण ही सर्वांत खालची श्रेणी आहे. तिच्यावर प्लॅटिनम, प्लॅटिनमवर पाचू, पाचूवर हिरा, हिऱ्यावर आणखी काही जोडलेला हिरा, आणि त्याच्याही वर शिखर. सोन्याच्या खाली फक्त समुद्र.

श्रेणी ठरते रात्रींवर. जहाजावर एक रात्र काढली की एक गुण. इथवर माझं काही म्हणणं नाही. सेवाकाल दिवसांनीच मोजतात. पण महागडा स्वीट घेणाऱ्याला त्याच रात्रीचे दोन गुण मिळतात. तोच समुद्र, त्याच लाटा, तेच वाद्यवृंदाचं पथक, आणि त्याची सेवा दोन दिवसांची. राज्याच्या मुख्य सचिवांनासुद्धा एका दिवसात एकच दिवस मिळतो. एका बड्या कंपनीत शिखर गाठायला 700 गुण लागतात, म्हणजे साध्या खोलीत झोपणाऱ्याने जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर काढायची. असे लोक आहेत. मी त्यांना पाहिलं. त्यांच्याशी बोलताना व्यवस्थापक किंचित वाकून उभे राहत.

एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नवराबायकोला एकच श्रेणी लागू होते. यजमान हिरा, तर बाईही हिरा. आपल्याकडे याला अनुकंपा म्हणतात आणि त्यासाठी आधी कुणाला तरी मरावं लागतं.

आता सुवर्ण श्रेणीचे लाभ. गळ्यात अडकवायच्या कार्डावर आमची श्रेणी छापलेली होती. ती उद्वाहनात सगळ्यांना दिसते, आणि खालच्या मजल्याला कोण उतरणार हे बटण दाबण्याआधीच कळतं. शिवाय एक कूपन होतं: मालिशवर सवलत, फक्त जहाज बंदरात असतानाच्या दिवशी. म्हणजे बर्म्युडा बघायचं की सवलत घ्यायची, ते आपण ठरवायचं. हिने बर्म्युडा बघितलं. मी ठरवण्यात वेळ घालवला.

हिरेवाल्यांची चढण्याची रांग वेगळी होती, निळ्या दोरीपलीकडे. ती आमच्या रांगेपेक्षा लांब होती. वर्षानुवर्षं सेवा करून इतके लोक वर गेले आहेत की वर उभं राहायला जागा नाही. त्यांच्या राखीव बैठकीच्या खोलीतही संध्याकाळी लोक पेला हातात धरून भिंतीला टेकलेले असत. आमच्याकडे, सार्वजनिक बारमध्ये, खुर्च्या रिकाम्या होत्या. तरीही आमच्या रांगेतला प्रत्येक जण त्या दोरीकडे बघत होता. मीही बघत होतो. त्या रांगेत उशीर होतो, पण तो अधिकृतपणे होतो.

या गर्दीवर इलाज काढणारेही आहेत. कार्निव्हल कंपनीने 2025च्या जूनमध्ये जाहीर केलं की पुढच्या जूनपासून श्रेणी रात्रींवर न ठरता खर्च केलेल्या पैशांवर ठरेल आणि ती ठरावीक मुदतीनंतर पुन्हा कमवावी लागेल. निष्ठावंत प्रवाशांत मोठा संताप उसळला. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. ही जुनी पेन्शन बंद करून नवी लागू करण्याचीच गोष्ट आहे. आपल्याकडे 2023च्या मार्चमध्ये जुनी परत मिळावी म्हणून राज्य कर्मचारी संपावर गेले होते. समुद्रावर संपाची अडचण अशी की काम बंद ठेवायला आपण काही काम करत नसतो. फार तर सकाळचं ऑम्लेट नाकारता येईल. दुसरीकडे एमएससी नावाची कंपनी इतरांकडची श्रेणी दाखवली तर आपल्याकडे तिच्या तोडीची देते. हे समकक्षतेचं प्रकरण झालं. खात्याबाहेरचा माणूस थेट वर येऊन बसतो, याची टोचणी मी उभ्या नोकरीत सोसली आहे.

नियमांविषयी मात्र गैरसमज नसावा. नियम मला आवडतात, विशेषतः ज्यांच्यामागे कारण आहे असे. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या नेमून दिलेल्या जागी जाऊन संकटकाळी काय करायचं ते समजून घ्यावं लागतं. पूर्वी यासाठी चोवीस तासांची मुभा असे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे 700 प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. नंतर नियम बदलला. बाल्कनीत सिगारेट नाही, यामागेही 2006 साली जमैकाजवळ स्टार प्रिन्सेसला लागलेली आग आहे. तपासात संशय एका विझवायच्या राहिलेल्या थोटकावर आला. अशा नियमापुढे मी मान तुकवतो. मी आमच्या जागी वेळेआधी हजर होतो. उशिरा आलेल्यांची नावं टिपून घ्यावीत असं मी सुचवलंही, पण तिथल्या मुलीने फक्त हसून माझं कार्ड पुन्हा एकदा स्कॅन केलं.

आता किटलीचं प्रकरण.

हिने सामानात तीन वस्तू घेतल्या होत्या: चहासाठी विजेची किटली, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि छोटी इस्त्री. या तीन वस्तूंशिवाय ही पुण्यालासुद्धा जात नाही. आमची बॅग खोलीवर आली नाही. तिच्याऐवजी खालच्या मजल्यावर हजर राहण्याचं बोलावणं आलं. तिथे एक खोली होती. मुरलेले प्रवासी तिला खोडकरांची खोली म्हणतात. फळ्यांवर ओळीने किटल्या, इस्त्र्या, मेणबत्त्या मांडलेल्या. आमच्या मागच्या गृहस्थांच्या माउथवॉशच्या बाटलीत रम निघाली, आणि ते निर्लज्जपणे माझ्याकडे पाहून हसले. आम्ही दोघे एकाच गुन्ह्याचे सहआरोपी आहोत असा त्या हसण्याचा भाव होता. माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही.

किटली तापते, तारा जुन्या असतात, आणि भर समुद्रात अग्निशमन दलाला फोन करता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पावती घेतली, वस्तू जमा केल्या, प्रकरण मिटलं. चहा वरच्या मजल्यावर मिळे: कोमट पाणी, त्यात बुडवायची पिशवी आणि बोटभर थंड दूध. हिने तो एकदा घेतला आणि नंतर चहा सोडला असं जाहीर केलं. एवढंही चाललं असतं. पण तिसऱ्या संध्याकाळी जेवणाला नटूनथटून यायचं होतं.

माझा सदरा बॅगेत चेपला होता. इस्त्री जमा. जहाजावर इस्त्री करून मिळते, नगामागे डॉलर मोजून. मी दर विचारला, तो रुपयांत बदलला आणि सदरा गादीखाली ठेवून दिला. त्याच वेळी समोरच्या खोलीच्या दारात कपड्यांची भरलेली पिशवी ठेवलेली दिसली. त्या हिरेवाल्यांचं धुणं आणि इस्त्री फुकट होती. प्रिन्सेस कंपनीतही सर्वांत वरच्या श्रेणीला धुणं फुकट आहे, असं मला नंतर कळलं, म्हणजे ही काही आमच्याच जहाजाची लहर नव्हे. समोरचे गृहस्थ सत्तरीचे, टेक्सासचे, रोज अर्धी चड्डी घालत. त्या चड्डीला इस्त्रीची घडी होती. आगीचा धोका सर्वांना सारखा, पण सुरकुती श्रेणीनुसार.

पुढचे दोन दिवस मी त्या पिशवीवर लक्ष ठेवून होतो. सकाळी रिकामी यायची, संध्याकाळी भरून जायची. दोन माणसांचे इतके कपडे मळत नाहीत. समोरची बाई धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला देत असावी, असं हिचं मत पडलं. मिळतंय म्हणून. हिने त्यांना नावं ठेवली नाहीत. उलट, आपण हिरा असतो तर घरून चादरी आणल्या असत्या, असं ती म्हणाली.

खुर्च्यांचं प्रकरण त्याहून गंभीर आहे, पण थोडक्यात सांगतो. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या खुर्च्या पहाटेच टॉवेल टाकून धरल्या जातात. नियम असा की माणूस नसेल तर ठरावीक वेळाने टॉवेल उचलायचा. कुठे 30 मिनिटं, कुठे 40. वेळ मोजायची कशी? कर्मचारी येतो, खुर्ची रिकामी दिसली की वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो आणि निघून जातो. तेवढ्यात मालक येतो, चिठ्ठी काढतो, खिशात घालतो आणि पुन्हा नाश्त्याला जातो. मी एका खुर्चीची नोंद ठेवली. तिच्यावर सकाळपासून जेवणापर्यंत एक जाड कादंबरी आणि डाव्या पायाची एक चप्पल होती. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचो, तेव्हाही डेकवर सतरंजी टाकून जागा धरत. पण सतरंजीवर निदान एक आजी बसवलेली असे. चपलेला विचारलं तर ती उत्तर देत नाही.

पेयांच्या पॅकेजचं एवढंच सांगतो की एका खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतलं, तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. ही सोलकढीपलीकडे गेलेली नाही. आणि मी क्वचित घेतो, ही गोष्ट आमच्या घरी अजून अधिकृतपणे नोंदवलेली नाही. अर्जातल्या एका रकान्याने ती नोंदवली, तीही मुलीसमोर. कार्निव्हलमध्ये या पॅकेजवर दिवसाला पंधरा पेल्यांची मर्यादा आहे. सोळाव्यासाठी वरिष्ठांकडे दाद मागायची सोय दिसत नाही.

बक्षिशी माणशी रोज सोळा ते वीस डॉलरच्या घरात, न विचारता खात्यावर चढते. आमची खोली आवरणारा मुलगा मडगावचा होता. ही त्याच्याशी मालवणीत बोले, तो कोकणीत उत्तर देई, आणि दोघांचं उत्तम जमे. त्याला बक्षिशी द्यायला माझी ना नव्हतीच. शेवटच्या दिवशी तो दाराशी घुटमळला. म्हणाला, “अंकल, घरी गेल्यावर ईमेलवर फॉर्म येईल. दहापैकी मार्क द्यायचे असतात. नऊ दिलेत तरी आमच्यासाठी नापासच धरतात.”

मी नोकरीत असताना हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिले आहेत. ‘अत्युत्कृष्ट’ हा शेरा मी कुणालाच दिला नाही. ‘निश्चितच चांगला’ मिळाल्यावर लोक माझ्या टेबलापाशी पेढे घेऊन आले आहेत. दहापैकी दहा म्हणजे सुधारणेला वावच नाही असं लेखी देणं, आणि तसं मी देवळातल्या देवालाही दिलं नसतं. मी त्याला तसं समजावून सांगितलं. हिने मध्येच येऊन त्याच्या हातात बेसनाच्या लाडवांचं पाकीट दिलं. ते घरचे असल्यामुळे नियमाने जहाजावर यायला नको होते, आणि ते कसे आले हे मला अजून माहीत नाही.

फॉर्म मुलीच्या घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी आला. खोलीच्या सेवेला मी दहा दिले. माझा हात जड झाला, पण दिले. जहाजाला सहा. पुढे ‘तुमची श्रेणी’ असा रकाना होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. शेवटी सूचनांसाठी एक चौकट होती. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, सुवर्ण श्रेणीवर होणारा अन्याय मुद्देसूद मांडला: एक, इस्त्री, दोन, स्वीटवाल्यांची दुप्पट सेवा, तीन, चप्पल. मग पाठवण्याचं बटण दाबलं. पोच म्हणून आलेल्या ईमेलमध्ये माझा मजकूर छापून आला होता, अक्षरमर्यादेइतका. तो ‘सबब’पाशी संपला होता. मागणी त्याच्या पुढे होती.