डेमो जुलैत दाखवा

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो, म्हणून चित्रातला माणूस, गाडी आपोआप ओळखणाऱ्या ‘व्हिडिओ ॲनालिटिक्स’चा डेमोही मार्चमध्येच होतो. लख्ख ऊन, कोरडा रस्ता, वीज शाबूत. पडद्यावर माणसाभोवती हिरवी चौकट उमटते, गाडीभोवती लाल, आणि खरेदी समितीच्या माना डोलतात. पोलादपुरात या डेमोला काडीची किंमत देऊ नये. इथली परीक्षा जुलैत असते. कशेडी घाटाच्या वळणांवर धुकं उतरलेलं, पाऊस आडवा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की प्रत्येक थेंब पांढरी रेघ होऊन चमकतो आणि काचेवर जाळं विणणारा कोळी यंत्राला घुसखोर वाटतो. रात्रभर खोटे अलार्म वाजत राहिले की चार दिवसांत वॉचमन आवाजच बंद करतो. त्याला बोल लावू नका. असलं यंत्र त्याच्या गळ्यात मारणाऱ्यांना लावा.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाड-पोलादपूर विसरणार नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. पूल गेल्याची हाक दिली ती जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसानं. त्यानं रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. पाहणं, ओळखणं आणि थांबवणं ही तिन्ही कामं एका माणसानं केली. व्हिडिओ ॲनालिटिक्स विकायला येणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारायचा : तुमच्या यंत्राला कळलं, तर पुढच्या दोन मिनिटांत कोणाला कळेल? आणि त्याच्या हातात गाडी थांबवायचं काय साधन आहे? उत्तर ‘ॲपवर नोटिफिकेशन येईल’ असं आलं, तर चहा पाजून निरोप द्यावा.

कारण आपत्तीच्या वेळी ॲप चालेलच असं नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तोच घाला आला. महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि सावित्री उगम पावते तिथेच. महाड पाण्याखाली, रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. अशा दिवशी मुंबईच्या सर्व्हरवर चित्र पाठवून उत्तराची वाट पाहणारी यंत्रणा आंधळी. पृथक्करण कॅमेऱ्यातच किंवा तिथल्या पेटीतच व्हायला हवं, बॅटरी काही तास टिकायला हवी आणि भोंगा जागेवर वाजायला हवा. भोंग्याला इंटरनेट लागत नाही.

चेहरा ओळखण्याच्या बाता तर फार चालतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात प्रत्येक मीटरला सुमारे 250 पिक्सेल पडावे लागतात. नुसतं ‘कोणीतरी आहे’ एवढं कळायला 25 पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी 1920 पिक्सेल. भागाकार करा : साडेसात मीटर आणि थोडं वर. म्हणजे एका कॅमेऱ्यात अख्खं एसटी स्थानक आणि त्यातला प्रत्येक चेहराही, हे गणितात बसत नाही. तरीही कोटेशनमध्ये ते बसवलेलं असतं.

शाळांचं जास्त काळजीचं आहे. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारनं शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि चित्रीकरण नियमित तपासायची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. डोंगरातल्या शाळेत हे सर वर्गही घेतात, कागदही रंगवतात. त्यांना कामाचं काय? शाळा सुटल्यावर स्वच्छतागृहाकडच्या वाटेवर कोणी रेंगाळलं तर तेवढाच तुकडा वेगळा काढून दाखवणारी साधी सोय. मुलांचे चेहरे साठवणारी महागडी यादी नको. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे, आणि हे वाक्य कोटेशनमध्ये कधी सापडत नाही.

तेव्हा या पावसाळ्यात एवढं करा. आहे त्या कॅमेऱ्यांतून आपल्याच फाटकाचं, आपल्याच वळणाचं रात्रीचं चित्रीकरण जपून ठेवा. धुक्यातलं, छत्री-रेनकोटवाल्या माणसांचं, मोकाट गुरांचं. तेच सगळ्या विक्रेत्यांना द्या आणि किती खरे इशारे हुकले, किती खोटे वाजले, ते समितीसमोर मोजा. निविदेत कलम घाला : शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर, सप्टेंबरनंतर. ज्याला हे कलम जड वाटेल, त्याचं कोटेशन उघडूच नका.