क्षेत्रबदलू

नोकरी गेलेल्या माणसांचे दोन प्रकार असतात. एक नोकरी शोधतो, दुसरा क्षेत्र बदलतो. पहिल्याची लोकांना काळजी वाटते, दुसऱ्याची भीती. कारण तो जिन्यातच गाठतो आणि विचारतो, "शेळीपालनाबद्दल तुमचं काय मत?"

क्षेत्रबदलू पंचेचाळिशीच्या आसपासचा असतो आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मुबलक सापडतो. परवापरवापर्यंत तो चाकणला एका सायलेन्सरच्या कारखान्यात क्वालिटीला होता. विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही. ऑर्डरी घटल्या, एक लाइन बंद झाली आणि तो घरी आला. धंदाच सायलेन्सरचा, त्यामुळे जाताना फारसा आवाज झाला नाही.

क्वालिटीतला माणूस कुठल्याही बिघाडाला पाच वेळा 'का' विचारतो. नोकरी का गेली? लाइन बंद पडली. का? ऑर्डरी घटल्या. का? विजेच्या गाड्या आल्या. त्या का आल्या? पेट्रोल परवडेना. पाचवा 'का' सासरेबुवा विचारतात, "मग हे आधी का नाही कळलं?"

सुरुवातीला तोही रीतसर नोकरी शोधतो. लिंक्डइनवरच्या फोटोभोवती 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं चढतं. एचआरच्या मुलीचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार लावून घेतो. ती विचारते, "सर, नोटिस पिरियड?" हा म्हणतो, "इमिजिएट जॉइनर." मग ती अनुभवाची वर्षं विचारते, हा अभिमानाने सांगतो, आणि तिथेच माती खातो. कारण तेवढ्या पगारात त्यांना दोन पोरं मिळत असतात. "कळवते सर," म्हणून ती फोन ठेवते. कळवत मात्र कोणीच नाही.

इथून क्षेत्रबदलाला तोंड फुटतं. पहिला मान मिसळीचा. बाजारपेठेचा अभ्यास म्हणून तो रोज सकाळी वेगवेगळ्या ठिकाणी मिसळ चापतो. क्वालिटीतला असल्यामुळे सँपल पुन्हा पुन्हा मागवायला त्याला संकोच वाटत नाही. ॲसिडिटी वाढते आणि मिसळ बाद होते. मग डेटा सायन्स. फी भरून पायथन शिकायला बसतो. दोन तास प्रोग्राम चालत नाही म्हणून संगणकाला शिव्या घालतो, तेव्हा आठवीतला मुलगा मागून जाता जाता म्हणतो, "बाबा, एक स्पेस कमी पडलीय." पायथन बाद.

शेळ्या मात्र टिकतात, कारण शेळ्या एक्सेलमध्ये बसतात. दहा शेळ्या, एक बोकड. गाभणकाळ पाच महिने. जात उस्मानाबादी, म्हणून एका वेताला दोन करडं धरलेली. सूत्र घातलं, माउसने खाली ओढलं. पाचव्या वर्षाच्या रकान्यात नफा मावेना, नुसत्या जाळ्या-जाळ्या दिसू लागल्या. त्याने रकाना रुंद केला आणि बायकोला हाक मारली.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. "अहो, शेळ्या आजारी पडल्या तर?"

"मरतूक पाच टक्के धरलीय."

"आणि रविवारची सुट्टी कोणाला? तुम्हाला की शेळ्यांना?"

सुट्टीचा रकाना अजून रिकामा आहे.

लोक म्हणतात, हा माणूस भरकटलाय. तसं नाही. नोकरीच्या बाजारात नकार नेहमी समोरचा देतो. इथे नकार देण्याचा अधिकार त्याचा आहे. मिसळीला त्याने नाकारलं, पायथनला नाकारलं, उद्या वेळ आली तर शेळ्यांनाही "कळवतो" म्हणेल. एवढ्या जोरावर तो संध्याकाळी पार्किंगमध्ये ताठ मानेने उतरतो.

तिथे त्याचे श्रोते जमतात. सगळे नोकरदार. गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. आधी ते कीव केल्यासारखं विचारतात, "मग, काय ठरलं?" हा शेळ्यांवर येतो. दहा मिनिटांनी कोणीतरी हळूच विचारतं, "बोकड केवढ्याला पडतो हो?" एकाची भोरकडे पडीक जमीन निघते, दुसऱ्याच्या मेव्हण्याचा चाऱ्याचा धंदा. वरून बायका जेवायला हाका मारतात, पण कोणी हलत नाही.

शेवटी तो कर्जाची चौकशी करायला बँकेत गेला. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचं कर्ज 'शिशु', 5 लाखांपर्यंतचं 'किशोर' आणि 10 लाखांपर्यंतचं 'तरुण'. एचआरवाल्यांनी म्हातारा ठरवलेल्या माणसाला तरुण म्हणणारं हे एकच खातं, म्हणून त्याने थेट तरुणाचीच फाइल पुढे केली. साहेबांनी प्रकल्प अहवाल उघडला. पहिलं वर्ष वाचलं, दुसरं वाचलं, पाचव्या वर्षापाशी बराच वेळ थांबले. बाहेर रांगेत चुळबूळ सुरू झाली. मग त्यांनी शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कर्जाचं बघू हो. ही एक्सेल मला व्हॉट्सॲप करता का?"