करवीची मुदत

तालुक्याच्या कचेरीत तीस-पस्तीस वर्षे कारकुनी करून, अव्वल कारकून म्हणून नुकतेच सेवानिवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब, ज्यांनी तारखेवाचून अर्ज कधी स्वीकारला नाही आणि पोच घेतल्यावाचून कागद कधी हातचा सोडला नाही, ते खांडसहून भीमाशंकरास पायी यावयास राजी झाले, ते केवळ रानात करवी फुलल्याची खबर लागली म्हणून. या झुडपाविषयी त्यांची तक्रार एकच होती : ते फुलते सात-आठ वर्षांतून एकदा, तर मुदत सात की आठ, याचा निकाल अद्याप का लागू नये?

खांडसहून वर चढावयास दोन जुन्या वाटा आहेत. शिडी घाट जवळचा, परंतु कड्याला टेकवलेल्या शिड्यांवरून जाणारा; गणपती घाट लांबचा, परंतु प्रापंचिकास मानवणारा. कोणत्याही कार्याचा आरंभ गजाननापासून करावा, हा शास्त्रार्थ पुढे करून भाऊसाहेबांनी आपल्या भीतीस धर्माचे अधिष्ठान मिळवून दिले. वाटाड्या म्हणून घेतलेल्या ठाकर म्हाताऱ्यास 'अजून किती?' असे विचारावे, तर तो धुक्यातल्या कड्याकडे हनुवटी उडवून म्हणे, "ह्यो काय, आलाच की, भाऊसाहेब!" अर्धा घाट चढेतो हे उत्तर भाऊसाहेबांच्या टिपणवहीत अकरा वेळा नोंदले गेले.

मग करवी आली. जिच्या वाळल्या काठ्यांचे, शेणाने लिंपलेले कूड आम्ही सकाळीच पाहिले होते, ती येथे पुरुषभर उंच, जांभळ्या-निळ्या फुलांनी नखशिखान्त लगडून, मधमाश्यांच्या अखंड गुंजारवात उभी होती. "येकदा फुलायचं, बी टाकायचं, आन् मरायचं," म्हातारा म्हणाला. भाऊसाहेबांनी वही मिटली. इतकी वर्षे इमानेइतबारे एका जागी काढावी, एकदाच फुलावे आणि निवृत्तिवेतनाचा अर्जही न करता निघून जावे, हा कायदा त्यांच्या मनाला लागला असावा.

वरच्या रानात शेकरू दिसले. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि धडाहून लांब शेपूट असे हे प्राणिरत्न, ज्याच्यासाठी मुख्यतः हे जंगल 1985 साली अभयारण्य झाले, एकट्याने अनेक घरटी बांधून असते. "इतकी घरे, आणि घरपट्टी एकाचीही नाही!" असे उद्गारून भाऊसाहेबांनी वही उघडली, तोच वरून कुरतडलेल्या फळाचे टरफल नेमके कोऱ्या पानावर पडले. पोच मिळाली.

नाना फडणविसांनी शिखर बांधविलेल्या भीमाशंकराच्या देवळात एक फिरंगी घंटा आहे. 1739 च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली. ख्रिस्ती देवालयातून निघून महादेवापुढे रुजू झालेल्या त्या घंटेकडे भाऊसाहेब बराच वेळ आदराने पाहत राहिले. "बदलीच्या ठिकाणी इतका रुळलेला नोकर माझ्या दप्तरात नाही," ते म्हणाले.

परतताना त्याच जांभळ्या उतारावर त्यांनी काहीशा हळव्या स्वरात म्हाताऱ्यास विचारले, "पुढचा बहर आपल्याला दिसेल का रे?"

"ह्यो काय, आलाच की, भाऊसाहेब!"

वहीत ती बारावी नोंद झाली; तिच्यापुढे मात्र त्यांनी तारीख घातली नाही.