खुनी कोण, ते पान तीनवर

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून कायम फिरतीवर असत. वाचकही मोठे निष्ठावंत. गणिताच्या पुस्तकात लपवून वाचणार, आणि कुणी आवडता लेखक विचारला की बेधडक खांडेकरांचं नाव सांगणार. हजार पुस्तकं लिहिणाऱ्याला साहित्यिक म्हणावं का, यावर समिती नेमायची तेवढी आपल्याकडे राहून गेली.

अशा लेखकाचा दिवस कसा जात असेल? सकाळी एक प्रेत, जेवणाआधी दोन संशयित, दिवेलागणीला बेड्या. शिवाय नायकाला मरायची मुभा नाही. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात लोटून पाहिलं. वाचकांनी असा गहजब केला की १९०३ मध्ये स्वारी ठणठणीत परत. होम्सचा हाडवैरी मोरियार्टीही त्याच धबधब्यात गेला होता, पण त्याच्यासाठी कुणाला गहिवर आल्याचं ऐकिवात नाही.

टीकाकारांचा मात्र या लेखकाला काडीचा त्रास नसतो. ते ही पुस्तकं वाचतच नाहीत. खरा दावा साधतो तो लायब्ररीतला आपल्या आधीचा वाचक. तिसऱ्याच पानावर एका नावाखाली पेन्सिलीची रेघ, आणि समासात सुवाच्य अक्षरात ‘हाच खुनी’. त्याच्यावरही ताण करणारा एक असतो. तो शेवटचं पान फाडून घरी ठेवतो आणि पुस्तक अगदी वेळेवर परत करतो. उगाच दंड कशाला?