ति. आक्कांच्या माहितीसाठी: पायडलचा बार

पायडलचा बार म्हणजे चार चाकांची, वर छप्पर असलेली आणि दोन्ही अंगांनी उघडी अशी लांब गाडी. मधोमध लांबट टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच-पाच उंच बैठका आणि प्रत्येक बैठकीखाली पायडल. बसणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात, वर पेला ठेवतात आणि खाली पाय चालवतात. त्या पायांच्या जोरावर गाडी पुढे जाते. मागच्या बाजूला बिनपायडलचा एक बाक असतो. शरदच्या ओंकारने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मेधा त्या बाकावर बसलेली आहे. फोटो मोठा करून पाहिल्यास ती पाणी पीत आहे हेही दिसेल.

तो फोटो मायामीत संध्याकाळी साडेसातला निघाला आणि सांगलीत पहाटे पाचला पोचला. पहाटे पाचला, चष्म्याशिवाय, दूध तापत असताना पाहिलेल्या फोटोवरून 'पोरगं शिकायला गेलं आणि दारू पिऊन गाडी चालवायला लागलं' असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा असल्याने वस्तुस्थिती क्रमाने दिली आहे. ज्यांनी तो फोटो पुढे बेबीआत्याकडे पाठवला, त्यांनी हे पत्रही पाठवावे.

गाडीचे सुकाणू आणि ब्रेक प्रवाशांच्या हातात नसतात. पुढे कंपनीचा पगारी चालक बसतो आणि त्याला कामावर असताना थेंबभरही घ्यायची मुभा नसते. माणसे चढल्यावर सगळे मिळून वजन दोन टनांकडे झुकते, त्यामुळे बऱ्याच गाड्यांना मदतीला विजेची मोटर बसवलेली असते. प्रत्येक पायडल स्वतंत्र फिरते. एखाद्याने पाय थांबवले तरी बाकीच्यांचे अडत नाही आणि कोणी कामचुकारपणा केला हे कळतही नाही. दिवाळीच्या रंगकामात जो मुलगा दोन दिवस एकच खिडकी घासत होता, त्याला हे वाहन मानवले यात नवल नाही. वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास. सत्तरी ओलांडल्यावरही ति. दादा रॅले सायकलवरून हरभट रोडने याहून वेगात जात आणि घंटी वाजवणे अपमानाचे समजत; त्याबद्दल आक्कांनी कधी कोणाला फोन केल्याची नोंद नाही.

या वाहनाचा उगम नेदरलँड्समध्ये आहे. फान लार आडनावाच्या दोन भावांनी १९९७ मध्ये पहिली अशी गाडी बांधली. तिथून ती जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत पोचली. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २००७ पासून ती धावते, म्हणजे जिथे अर्धे वर्ष बर्फ असते तिथल्या लोकांना ती आधी सुचली. ज्या देशात जन्म झाला तिथे मात्र तिचे कौतुक टिकले नाही. आरडाओरडा, वाटेत कुठेही लघवी आणि अरुंद रस्त्यांवरचा खोळंबा यांना कंटाळून ॲमस्टरडॅमच्या रहिवाशांनी सह्या गोळा केल्या. गाडीमालक न्यायालयात गेले, हरले, आणि २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागातून या गाड्या हद्दपार झाल्या. जर्मनीत लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०१२ मध्ये असे ठरवले की हा रस्त्याचा वाहतुकीसाठी केलेला वापरच नव्हे, ही चाकांवरची मेजवानी आहे, तेव्हा वेगळा परवाना काढावा. वरातीपुढे डीजे लावणाऱ्या आपल्या गल्लीतल्या मंडळींना हा निकाल वाचून दाखवावा.

मायामीत या गाड्या ज्या भागात फिरतात त्याचे नाव विनवुड. १९१७ मध्ये दोन बिल्डरांनी प्लॉट पाडून ही वसाहत वसवली. १९५० नंतर पोर्तो रिकोहून आलेली कामगार कुटुंबे इथे इतकी झाली की लोक तिला 'छोटे सान हुआन' म्हणू लागले. आजूबाजूला कपड्यांचे कारखाने, बेकऱ्या, गोदामे. मग कारखाने गेले, गोदामे उरली. चित्रकार आले ते स्वस्त जागेमुळे. १९८० च्या दशकात एका बंद पडलेल्या बेकरीत त्यांनी स्टुडिओ थाटले. १९९३ मध्ये रूबेल कुटुंबाने आपला मोठा चित्रसंग्रह एका जुन्या सरकारी गोदामात आणला. त्या गोदामात पूर्वी अमली पदार्थांच्या धाडींत जप्त केलेला माल ठेवत असत.

भिंतींचे नशीब उघडले ते २००९ मध्ये. टोनी गोल्डमन नावाच्या गृहस्थांनी त्याआधी न्यूयॉर्कचा सोहो आणि मायामीचा साउथ बीच हे पडीक भाग वर आणले होते. त्यांनी इथली गोदामे विकत घेतली होती. गोदामाला खिडक्या नसतात, म्हणजे भिंत सलग मिळते. एवढ्या साध्या गोष्टीवर त्यांनी 'विनवुड वॉल्स' उभे केले आणि शेपर्ड फेअरी, केनी शार्फ, ब्राझीलचे ओस जेमिओस बंधू अशा चित्रकारांना बोलावून भिंती त्यांच्या हवाली केल्या. गोल्डमन २०१२ मध्ये वारले. दर डिसेंबरात 'आर्ट बाझल' या बड्या प्रदर्शनासाठी जगभरचे श्रीमंत मायामी बीचवर जमतात. त्या सुमारास इथल्या बऱ्याच भिंती नव्याने रंगतात आणि जुनी चित्रे त्याखाली जातात. त्याचे कोणी वाईट वाटून घेत नाही. आपल्या कंपाउंडवर न विचारता निवडणुकीचे चिन्ह काढून गेलेल्या कार्यकर्त्यांनी इथे येऊन पाहावे. इथे भिंतीचा मालक स्वतः रंगाऱ्याला शोधत फिरतो.

शशीकाकांनी विचारलेला डासांचा प्रश्न अगदीच निराधार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात झिका रोगाचा डासांमार्फत स्थानिक फैलाव अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा आढळला तो याच विनवुडमध्ये, आणि गरोदर स्त्रियांनी इथल्या सुमारे चौरस मैलभर भागात जाऊ नये अशी सूचना केंद्रीय आरोग्य खात्याने काढली. महिना-दीड महिन्यात ती मागे घेतली गेली. ओंकार गरोदर नाही. ओडोमॉस मात्र सगळ्यांनी लावले होते.

(कुकरच्या शिट्ट्या झाल्या. पुढील मजकूर जेवणानंतरचा.)

आता खर्च. माणशी भाडे ४० ते ५० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार हजार रुपये. या पैशांत दोन तास बसायला मिळते आणि पायडल मारायला मिळते. पेय त्यात नाही. पेय स्वतः आणायचे किंवा थांब्यावरच्या बारमध्ये वेगळे पैसे देऊन घ्यायचे. वर चालकाला बक्षिशी, तीही मनाला येईल तेवढी नव्हे. भाड्याच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी दिली तर तो काही बोलत नाही, फक्त पाहतो. विनवुड वॉल्सच्या आवारात जायलाही आता तिकीट आहे, बारा डॉलरच्या आसपास. बाहेरच्या रस्त्यांवरच्या भिंती अजून फुकट आहेत.

पार्किंगचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. शनिवारी संध्याकाळी एका रिकाम्या प्लॉटमध्ये, जिथे ना छप्पर ना फरशी, गाडी उभी करायचे ३० डॉलर पडले. अडीच हजारांहून जास्त रुपये. प्लॉटवर एक माणूस खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या हातात पाटी होती, एवढाच त्याचा धंदा. दादांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग 'विश्रामबागेतला आपला प्लॉट केवढा आहे रे?' असे त्यांनी विचारले. सांगलीत शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला कोणी अडीच हजार देणार नाही, ही गोष्ट हिशेबात धरावी.

नियम असे. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही दारू मिळत नाही, आणि एकवीस पूर्ण आहेत हे केस पांढरे असले तरी कागदाने सिद्ध करावे लागते. गेल्या हिवाळ्यात शशीकाकांना एका ठिकाणी दारात अडवले. काकांनी आधार कार्ड काढले. दारावरच्या मुलाने ते उलटसुलट पाहिले, त्यावरचा काकांचा फोटो पाहिला आणि काकांपेक्षा जास्त घाबरला. परदेशी माणसाला पासपोर्टच लागतो; तो काकांनी सुरक्षित राहावा म्हणून घरी कपाटात, साडीच्या घडीत ठेवला होता. काका दीड तास दाराबाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर बसले. मायामीत क्यूबन लोकांमुळे उसाचा रस मिळतो आणि तो चांगला असतो. त्यात आले घालत नाहीत, एवढेच.

दुसरा नियम याहून चमत्कारिक. काचेची बाटली गाडीवर चालत नाही, डबा किंवा प्लास्टिकचा पेला चालतो. तोच डबा हातात धरून फुटपाथवर उतरले की तो मात्र चालत नाही. चित्र जवळून पाहायचे असेल तर डबा टेबलावर ठेवून उतरायचे, चित्र पाहायचे, परत चढायचे आणि मग प्यायचे. एक घोट आणि एक चित्र या दोहोंमध्ये नेहमी एक पायरी असते. पोलीस लांबवर उभे असतात आणि लोकांच्या हातांकडे पाहतात. ओंकारने आलेपाकाच्या वडीचा डबा घेऊन उतरायचे धाडस केले. त्यालाही झाकण उघडून दाखवावे लागले.

पहिल्या थांब्याचे वर्णन या ठिकाणी यायला हवे. परंतु आक्कांनी फोनवर काढलेल्या काही बाबी अधिक निकडीच्या आहेत. बाळूला मुलगी पसंत असेल तर तिच्या वडिलांच्या मिश्यांवरून मोडता घालू नये. आपल्या घराण्यात दादांच्या आधी काय कमी मिश्या होऊन गेल्या? शशीकाकांच्या गुडघ्याला मसाज करणाऱ्या माणसाचे नाव कोणीही मायामीला कळवू नये, मागच्या माणसाच्या वेळी काय झाले ते सर्वांना आठवत आहे. बेबीआत्याने परत केलेले पातेले आपले नाही. आपल्या पातेल्याच्या कडेला आजोबांचे नाव कोरलेले आहे आणि ते पातेले १९८८ पासून तिच्याकडेच आहे. पहिला थांबा ठीक होता.

दुसऱ्या टप्प्यात सूर्य मावळतो आणि भिंतींवर दिवे लागतात. ध्वनिक्षेपकावर स्पॅनिश गाणी चालू असतात. एकाच गाडीवर अनोळखी लोक असले तरी दहा मिनिटांत एकत्र गाऊ लागतात. या वेळी गाडीवर एका नवऱ्यामुलीच्या मैत्रिणी होत्या. गाणी संपल्यावर सगळ्यांना भूक लागली आणि ओंकारने घरच्या पार्सलमधून आलेल्या भडंगाची पिशवी फोडली. नवरीने मूठभर घेतले, मग पुन्हा घेतले, मग लसणाची पाकळी शोधून खाल्ली. तो वास पसरल्यानंतर पुढचे दोन चौक या कुटुंबाने एकही चित्र पाहिलेले नाही. मेधा बाकावरून पलीकडे पाहत राहिली आणि ओंकारने प्रथमच मन लावून पायडल मारले. त्या दोन चौकांतील भिंतींची माहिती त्यामुळे इथे देता येत नाही.

उरला तो या वस्तीचा पुढचा इतिहास, आणि तो शरदने नीट वाचावा. चित्रे आली, कॉफीची दुकाने आली, २०१३ पासून बिअर गाळणारे कारखाने सुरू झाले, पायडलच्या गाड्या आल्या. २०१५ मध्ये महापालिकेने बांधकामाचे नियम बदलले आणि गोदामांच्या जागी आठ ते बारा मजल्यांच्या इमारतींना वाट मोकळी झाली. भाडी वाढली. ज्यांनी स्वस्त जागेसाठी इथे स्टुडिओ घेतले होते, ते चित्रकार उत्तरेकडच्या लिटल हैतीसारख्या वस्त्यांकडे सरकले. रूबेल कुटुंबाचा संग्रहही २०१९ मध्ये शेजारच्या अलापाटा भागात गेला. पोर्तो रिकोच्या जुन्या भाडेकरूंपैकी अनेकांना त्याआधीच जावे लागले होते. इमारतींच्या जाहिरातींत मात्र चित्रे आहेत, आणि त्या चित्रांच्या जोरावरच फ्लॅट विकले जातात. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे भले झाले, ज्यांच्याकडे नुसती वहिवाट होती त्यांना काही मिळाले नाही.

आपल्या वाड्याच्या जागी होणाऱ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर आजोबांचे मोठे चित्र काढून देण्याचे बिल्डरने कबूल केले आहे, असे शरद म्हणतो. चित्राला हरकत नाही. आजोबांना ते आवडले नसते, कारण त्यांना स्वतःचा फोटोही आवडत नसे. पण करारात किती चौरस फूट, कोणता मजला, ताबा कधी आणि तोवरचे भाडे कोण देणार, यांबद्दल शरदच्या निरोपात एक ओळ नाही. आजोबांच्या फेट्याच्या रंगाबद्दल तीन आहेत. तेव्हा करार वकिलांना दाखवून होईपर्यंत आणि आक्कांनी स्वतः वाचेपर्यंत शरदने कशावरही सही करू नये, आणि पुढच्या पार्सलात भडंग दुप्पट पाठवावे.