सरांच्या मागून कसे चालावे

सह्याद्रीत चढणाऱ्यांसाठी पुस्तके ढीगभर आहेत. गड कोणता, वाट कुठली, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, सगळे छापून आलेले आहे. पण नगरहून निघून पारनेरच्या सपाट माळावर, एका निवृत्त भूगोल शिक्षकाच्या मागून, सकाळपासून दुपारपर्यंत जेमतेम सहा-सात किलोमीटर कसे चालावे, यावर मराठीत एक ओळही सापडत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत नियमावली. नवशिक्यांनी ती टेम्पोत बसण्यापूर्वी वाचावी. टेम्पोत वाचता येणार नाही, कारण टेम्पोत सर बोलत असतात.

कलम पहिले, ठिकाण. सुपा नावाचे गाव आमच्या पारनेर तालुक्यात आहे, नगर-पुणे रस्त्यावर, एमआयडीसीचे. सुपे नावाचे गाव बारामती तालुक्यात आहे, तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे आणि चिंकारा दिसतो. हा फरक मोबाइलला कळेलच असे नाही. पुण्याहून परस्पर येणाऱ्यांनी रविवारी पहाटे बारामतीच्या सुप्याला पोचून ‘आम्ही गेटवर उभे आहोत, तुम्ही कुठे?’ असा फोन करू नये. सर तो फोन स्पीकरवर टाकतात, आणि समोरच्याला परतीचा रस्ता सांगण्याऐवजी भीमा खोऱ्याचा नकाशा तोंडी शिकवतात.

कलम दुसरे, वेळ. पाच म्हणजे पाच.

कलम तिसरे, मोजे. इथे थोडे पाल्हाळ लावणे भाग आहे. बूट कोणते, टोपी कोणती, यावर लोक आठवडाभर ग्रुपवर चर्चा करतात आणि मोजे आयत्या वेळी खणात सापडतील ते घालतात. हिवाळ्याच्या तोंडाशी माळावरचे कुसळी गवत पिकलेले असते. त्याच्या बीला एका बाजूला सुईसारखे टोक आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपटी. ही शेपटी उन्हात पिळते, दमट हवेत उलगडते, आणि त्या पिळण्या-उलगडण्यात बी जमिनीत शिरते. जमीन मिळाली नाही तर मोजा चालतो. मोजा संपला की घोटा. लोकरीचे आणि जाड सुती मोजे हे कुसळाचे आजोळ समजावे. पोटरीवर गुळगुळीत कापडाचे गेटर चढवावेत. ते नसतील तर जुन्या टेरिकॉटच्या पँटची नळी गुडघ्याखाली कापून दोन्ही टोकांना इलॅस्टिक शिवून घ्यावे. हा शोध सरांचा नसून काकूंचा आहे, आणि सरांनी तो आजवर कुठल्याही व्याख्यानात कबूल केलेला नाही. घुसलेले कुसळ शेपटीला धरून मागे ओढू नये, कारण टोकाजवळचे केस उलटे असतात आणि ते आणखी घट्ट रुततात. टोक ज्या दिशेने गेले त्याच दिशेने पुढे काढावे. एवढे एक कलम पाळले तरी नियमावलीचे पैसे वसूल झाले. नियमावली फुकट आहे हा भाग वेगळा.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत सावली नाही, झरा नाही, टपरी नाही. हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळून ढग इथे येतात ते हात हलवत. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधानी असतात. तेव्हा ‘मी घरीही कमीच पाणी पितो’ असे सांगणाऱ्याला टेम्पोतून उतरू देऊ नये. अकरा वाजता तो दुसऱ्याच्या बाटलीकडे ज्या नजरेने बघतो ती नजर बघवत नाही.

आता मुख्य विषय. सर थांबले की थांबावे.

सर का थांबले हे विचारू नये, कारण ते सांगणारच आहेत. उजवा हात वर जातो, मूठ वळते, ‘कुणी हलू नका’ असा आदेश कुजबुजत येतो. मागचे पंधराजण एका पायावर तोल सावरत उभे राहतात. कॅमेरेवाले कॅमेरे काढतात. लांडगा असणार, निदान काळवीट. मग सर हळूच खाली वाकतात आणि काडीने एक लेंडी उलटी करतात.

या प्रसंगी हसू नये. नाकाला रुमालही लावू नये. सर तो खिशात ठेवायला लावतात. लेंडी वाळलेली असते आणि तिला वास नसतो. केसांनी भरलेली, उन्हाने पांढुरकी पडलेली असेल तर लांडग्याची, कारण तो सावज केसांसकट आणि हाडांसकट खातो. लहान असेल आणि आत बोराच्या बिया असतील तर खोकडाची. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटा कोल्हा, शेपटीचे टोक काळे. तो उंदीर, किडे खातो आणि बोरे पिकली की बोरेही खातो. हे सर्व सर बारा मिनिटांत सांगतात. बाराव्या मिनिटाला कोणीतरी हमखास विचारतो, “पण सर, प्राणी कधी दिसणार?” सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. शाळेत या नजरेने आख्खा नववीचा वर्ग शांत होत असे असे म्हणतात. “आत्ता काय बघितलंस मग?”

खरे सांगायचे तर या माळावर बघायचे म्हणजे काय, हेच आधी कळत नाही. डोळे लांब बघत राहतात आणि लांब काहीच नसते. पवन्या, मारवेल, कुसळी, मधूनच एखादी बोरीची जाळी, वर आभाळ. जे असते ते पायाशी असते. धाविक नावाचा पक्षी असाच दिसतो. तांबूस मातीवर तांबूस पक्षी. चार पावले तुरुतुरु धावतो, थबकतो, ताठ उभा राहतो, पुन्हा धावतो. थबकला की गायब. त्याचे घरटे म्हणजे काही नाही, उघड्या जमिनीवर घातलेली ठिपक्यांची अंडी. माळटिटवीचेही तेच. म्हणून सर्वांनी एका ओळीत, सरांच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे असा नियम आहे. सेल्फीसाठी ओळ सोडून गवतात पसरू नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देऊ लागली तर तिच्या अंड्यांजवळ आलात असे समजावे आणि आल्या पावली मागे फिरावे. तिच्या आणि सरांच्या शिव्या एकाच वेळी सुरू होतात.

पहिल्या पाण्याच्या थांब्यावर माळढोकाची गोष्ट होते. ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकावी. तरुणपणी सर सायकलवरून श्रीगोंद्याकडे निघाले होते, सकाळची वेळ, समोर ज्वारीच्या कडेला मीटरभर उंचीचा पक्षी मान ताठ करून चालत होता, आणि सर सायकलसह चारीत पडले. जुने सभासद सांगतात की पूर्वी या गोष्टीत एकच नर होता. मग मादी आली. गेल्या हिवाळ्यापासून एक पिल्लूही चालू लागले आहे. तरी कोणी टोकू नये. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले माळ मिळून माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, आणि आज हा पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ उरलेला नाही. जमिनीवरचे कमी झाले, तेवढे गोष्टीतले वाढले तर वाढू द्यावेत.

यानंतरचे कलम फौजदारी स्वरूपाचे आहे. माळाकडे बघून ‘किती ही पडीक जमीन! इथे झाडे लावायला हवीत’ हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नये. मागे एक गृहस्थ कंपनीच्या वृक्षारोपणाचा हिरवा टी-शर्ट घालून आले होते. ते वाक्यही बोलले नाहीत, नुसता टी-शर्ट पुरला. व्याख्यान पाऊण तास चालले. सारांश असा: गवताळ माळ ही जंगल व्हायची राहून गेलेली जमीन नव्हे. सरकारी दप्तरात तिला पडीक म्हटले, की खड्डे खणायला आणि गिरिपुष्प लावायला लोक मोकळे होतात. झाडे वाढली की सावलीत गवत मरते. चंडोल, धाविक हे उघड्यावर अंडी घालणारे पक्षी जातात. चारी बाजूंना लांबवर नजर पोचली तरच ज्याला सुरक्षित वाटते ते काळवीट जाते. गवत गेले की मेंढपाळही जातो. माळ राखायचा असेल तर कधी काहीच लावायचे नसते, फक्त काही काळ चरू द्यायचे नसते. आमच्याच नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि डोंगरावर गवत कमरेएवढे झाले. तेही सरांच्या व्याख्यानात असते, शेवटच्या दहा मिनिटांत, उन्हात. गृहस्थांनी शेवटी टी-शर्ट उलटा घातला.

धनगरांचा वाडा लागला तर कुत्री येतात. पळू नये, दगड उचलू नये, उभे राहून मेंढक्याला हाक मारावी. एवढेच सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे, कारण मेंढक्या आला की म्हणतो, “या मास्तर, बसा,” आणि मास्तर बसतात. मग कोणाच्या शेतात मेंढरे बसवली, एकरी काय ठरले, पोरीचे लग्न, लांडग्याने उचललेले कोकरू. या वेळात आपण आपल्या डब्यातले काही बाहेर काढू नये असा संकेत आहे, पण भूक लागते. मला एक गोष्ट अजून उलगडली नाही. लांडग्याने कोकरू नेले हे सांगताना मेंढक्याच्या आवाजात जेवढा राग असावा असे वाटते तेवढा नसतो. सर यावर काही बोलत नाहीत, आणि सर ज्यावर बोलत नाहीत अशा गोष्टी थोड्या आहेत.

जेवण लिंबाखाली. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. चमचमीत पार्सल मागवलेल्यांना माशा जास्त लागतात. चिप्सची पिशवी वाऱ्याने उडाली तर तिच्यामागे धावावे लागते, स्वतः, सर्वांसमोर, हाती लागेपर्यंत.

दुपारी निघोजचे कुंड. इथे कुकडी नदी काळ्या बेसॉल्टमध्ये खोल घळ कोरून गेली आहे आणि घळीच्या काठाने, पोटात, सगळीकडे रांजणखळगे. खडक आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या एखाद्या खोलगट जागी गोटा अडकतो, पुराचे पाणी त्याला गरगरा फिरवते, गोटा खडकाला घासतो, खड्डा खोल होतो, मग त्यात आणखी गोटे. उन्हाळ्यात आटलेल्या खळग्यात डोकावले तर तळाशी हे कारागीर पडलेले दिसतात, झिजून गुळगुळीत झालेले. एक काढून बघावासा वाटतो. काढू नये. एकाने खिशात टाकला होता. टेम्पोत सरांनी झडती घेतली नाही, नुसते विचारले, आणि तो माणूस स्वतःहून परत ठेवून आला.

‘आशियातले सर्वांत मोठे’ असे सरांपुढे म्हणू नये. ‘मोजले कोणी?’ असा प्रतिप्रश्न येतो, आणि उत्तर येईपर्यंत टेम्पो हलत नाही. मळगंगेच्या देवळात चप्पल काढून जावे. यात्रा चैत्रात असते, त्या दिवसांत कुंड बघायला येऊ नये, देवीला यावे.

घळीच्या काठावर मात्र विनोद पूर्ण बंद. ओला बेसॉल्ट साबणासारखा निसरडा असतो, शेवाळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि गोल खळग्यात पडलेल्या माणसाला पकडायला कोपरा नसतो. भोवऱ्यात पोहता येणे कामी येत नाही. वर जुन्नरकडे धरणे आहेत. इथे आभाळ कोरडे ठणठणीत असले तरी नदीचे पाणी वाढू शकते. काठापासून दोन पावले मागे उभे राहावे, फोटो काढणाऱ्याने तीन. सर या ठिकाणी व्याख्यान देत नाहीत. ते फक्त मोजतात. आल्यावर एकदा, निघताना एकदा, आणि मधे कोणाला न कळत कितीतरी वेळा. सोळाच्या सोळा भरले की चेहरा मोकळा होतो आणि पुन्हा बडबड सुरू.

परतीच्या टेम्पोत जागा निवडताना सावध असावे. खिडकी उत्तम. चाकावरची जागा वाईट, पण सहन होते. सरांच्या शेजारची जागा रिकामी दिसली तर ती का रिकामी आहे याचा विचार करावा. तिथे बसणाऱ्याची तोंडी परीक्षा होते: पवन्या आणि मारवेल यांत फरक काय, खोकडाच्या लेंडीत काय होते, कुकडी पुढे कुठे मिळते. घोडनदीला, शिरूरजवळ. हे उत्तर पाठ करून ठेवावे, कारण ते चुकले तर सर टेम्पो चालकाला विचारतात, आणि त्याला येते.

पैसे माणशी जे ठरले ते आधीच काकूंकडे द्यावेत. सरांना मानधन घ्या म्हणू नये. दोन जणांनी म्हणून बघितले, त्यांना पुढच्या रविवारी प्रतीक्षा यादीत टाकले होते.